वाकलेले पुठ्ठे

१

शनिवारी सकाळी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका गाळ्यात गयाबाईंची पुस्तकं वाकलेली सापडली, आणि दुपारच्या जेवणाआधी पायल गमरे गुन्हेगार ठरूनही गेली. चौकशी नाही, विचारपूस नाही. तिच्याकडून गाळ्याची किल्ली काढून घेतली आणि शटर तिच्या तोंडावर खाली ओढलं. ज्या धंद्यात ती बरोबरीची भागीदार होती त्याच धंद्याचं शटर, हे विशेष.

ही बातमी शीलाबाईंना संध्याकाळी कळली. पायल म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. अंबरनाथच्या त्यांच्या घरी ती आली, चप्पल काढली आणि भिंतीला टेकून खाली बसली. रडली असती तर शीलाबाईंना बरं वाटलं असतं. पण ती रडत नव्हती, आणि म्हणूनच शीलाबाईंचं डोकं जास्त तापलं.

शीलाबाईंची सगळी नोकरी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेली होती. जळालेलं गोदाम, भिजलेला माल, कोसळलेलं छप्पर बघायचं आणि एवढंच सांगायचं, की हे आपोआप झालं, कोणाच्या चुकीने झालं, की कोणी मुद्दाम केलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ही सवय सुटली नव्हती. दूध नासलं तरी त्या आधी पातेलं हुंगून बघत आणि मग दूधवाल्याला बोल लावत.

पायल आणि चैत्राली टिपणीस कॉलेजच्या मैत्रिणी. दोघींनी नोकऱ्या सोडून हाताने बांधलेली पुस्तकं करायचा धंदा काढला होता. कोणाच्या आईच्या कविता, कोणाच्या आजोबांच्या आठवणी, थोड्याच प्रती, पण शिवलेल्या आणि कापडी बांधणीच्या. शिलाई आणि बांधणी पायलची. गिऱ्हाईक, मजकूर आणि मांडणी चैत्रालीची. बदलापूरच्या गयाबाईंचं पुस्तक हे त्यांचं पहिलं मोठं काम. लहान मुलगी असताना गयाबाई वडिलांचं बोट धरून छप्पन साली नागपूरला दीक्षेला गेल्या होत्या. त्या दिवसापासूनच्या आठवणी त्या सांगत गेल्या आणि त्यांचा नातू विक्रांत लिहून घेत गेला. पुढच्या रविवारी बदलापुरात प्रकाशन ठरलं होतं.

पायलवरचा आरोप असा होता. शुक्रवारी संध्याकाळी तिने पुस्तकं दाबून ठेवायच्या शिकंज्यातून काढली, खोक्यांत भरली आणि कुलूप लावून शेवटची तीच बाहेर पडली. शेजारी जीन्सचा कारखाना आहे, त्याच्याकडची खिडकी तिने मुद्दाम उघडी ठेवली. रात्रभर कारखान्यातली वाफ आत आली आणि पुठ्ठे वाकले. कारण काय, तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर बांधणी करणारीचं नाव छापावं असं ती म्हणाली होती आणि चैत्रालीच्या वडिलांनी ते उडवून लावलं होतं. त्याचा हा सूड.

"खिडकी मी लावली होती, आत्या," पायल म्हणाली.

शीलाबाईंनी तिला स्पष्ट सांगितलं, की तू केलं असशील तर ते सगळ्यांच्या आधी मीच सांगेन, भाची म्हणून पदराखाली घेणार नाही. पायलने मान हलवली. मग शीलाबाईंनी आपला नेहमीचा पहिला प्रश्न विचारला. पुस्तकं नेमकी कशी वाकलीत?

"मला काय माहीत," पायल म्हणाली. "मला एकाही पुस्तकाला हात लावू दिला नाही."

२

रविवारी सकाळी शीलाबाई शेअर रिक्षाने कॅम्प पाचला पोचल्या. चैत्राली गाळ्याबाहेर उभी होती. डोळे सुजलेले, केस कसेतरी बांधलेले. तिने "शीलाआत्या" म्हणून वाकून नमस्कार केला. शीलाबाईंनी तो घेतला, पण आशीर्वाद द्यायचं त्यांच्या जिवावर आलं.

आत खळीचा आणि नव्या कापडाचा वास होता. टेबलावर एक खोकं उघडं होतं आणि त्यातली पुस्तकं बाहेर मांडलेली होती. बाकीची खोकी भिंतीशी एकावर एक, चिकटपट्टी लावलेली, तशीच.

शीलाबाईंनी एक पुस्तक उचललं. निळं कापड, सुबक शिलाई, आतली पानं अगदी सरळ. फक्त पुठ्ठे वाकलेले. वरची कड उचललेली, खालची कड उचललेली, मधला भाग खाली. दुसरं तसंच. तिसरंही तसंच. त्यांनी कापडावरून बोटं फिरवली. ओल नाही, डाग नाही, कुठे फुगवटा नाही. आयुष्यभर भिजलेला माल बघितलेल्या बाईला हे चमत्कारिक वाटलं. वाफ काय किंवा पाणी काय, ते कधी सगळ्यांशी सारखं वागत नाही. वरच्या मालाला जास्त लागतं, खालच्याला कमी.

"बाकीची खोकी कोणी उघडली?" त्यांनी विचारलं.

कोणीच नाही, असं चैत्राली म्हणाली. तिला उघडवेनात. आणि बाबा म्हणाले होते की सगळीच गेलीत, उघडून काय करायचं. विक्रांतलाही बाबांनीच काल सकाळी फोन करून कळवलं, की एकही प्रत वाचली नाही आणि आमच्या भागीदाराने घात केला.

शीलाबाईंनी भिंतीजवळचं सगळ्यात खालचं खोकं ओढून काढलं आणि चिकटपट्टी फाडली. त्यातली पुस्तकंही वाकलेली होती. अगदी तशीच, त्याच बाजूने, तेवढीच. चैत्राली तोंडावर हात धरून मागे सरकली. शीलाबाई मात्र पुस्तकांकडे बघत नव्हत्या. न उघडलेल्या खोक्यात काय आहे हे चैत्रालीच्या वडिलांना, टिपणीसांना, काल सकाळीच कसं कळलं, याचा त्या विचार करत होत्या.

नमुन्याच्या प्रती कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. विक्रांतला पसंतीसाठी दाखवायला पायलने आधी काही प्रती केल्या होत्या. त्या कपाटात होत्या, आणि कपाट त्याच जीन्सच्या कारखान्याकडच्या भिंतीला लागून. तोच पुठ्ठा, तेच कापड, तीच खळ. प्रती मात्र पाटासारख्या सपाट. म्हणजे ज्या वाफेने बंद खोक्यातली पुस्तकं वाकवली ती वाफ या उघड्या कपाटाला सोडून गेली. मोठीच शहाणी वाफ म्हणायची.

टेबलाखाली एक रिकामा डबा होता. त्यात काय असतं, असं शीलाबाईंनी सहज विचारलं. पुठ्ठा कापून आला की कडेच्या पट्ट्या उरतात, त्यांच्या आम्ही वाचनखुणा करतो, चैत्राली म्हणाली. यावेळी पट्ट्या आल्याच नाहीत.

"पुठ्ठा कापायला कोण गेलं होतं?"

"नेहमी पायलच जाते. पण त्या आठवड्यात ती तापाने झोपली होती." चैत्राली जरा अडखळली. "बाबांनी मदत केली."

३

शेजारचे भगवानशेठ खुर्ची टाकून कारखान्याच्या दारातच बसले होते. सिंधी गृहस्थ, गळ्यात चष्मा, हातात चहाचा ग्लास. शीलाबाई दिसताच त्यांनी पोराला दुसरी खुर्ची आणायला पिटाळलं. या प्रकरणात दुसरा संशयित शोधायचा तर तो हाच. गाळ्यांमधली भिंत पाडून आपला कारखाना वाढवायचं त्यांच्या मनात आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

शीलाबाईंनी तेच तोंडावर विचारलं. भगवानशेठांनी ते लगेच कबूल केलं.

"गाळा पाहिजे मला, मॅडम, झूठ का बोलू? दोनदा ऑफर दिली पोरींना. पण त्यासाठी मी कोणाचा माल खराब करणार काय? उद्या माझा माल कोण सांभाळणार?"

रात्रीच्या वाफेचं विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. शुक्रवारी आमचा बंद असतो, ते म्हणाले. बॉयलर थंड, इस्त्र्या थंड, कारागीर गावाला नाहीतर सिनेमाला. शुक्रवारच्या रात्री इथून वाफ गेली म्हणणाऱ्याने माझा बॉयलर येऊन बघावा, त्यावर मांजर झोपलेलं असतं.

शीलाबाईंना मनातून संतापच आला. एका मुलीला चोरासारखं हाकलून दिलं, आणि ज्या वाफेवरून हाकललं ती वाफ त्या रात्री जन्मालाच आली नव्हती. चार पावलं चालून शेजाऱ्याला विचारायचं कोणाला सुचलं नाही. सुचलं नाही म्हणण्यापेक्षा, गरज वाटली नाही. पायलचं नाव पुढे आलं आणि सगळ्यांना पटलं. इतकं लगेच का पटावं, याचं उत्तर शीलाबाईंना ठाऊक होतं आणि ते त्यांना नको होतं.

"मग खिडकी?" त्यांनी विचारलं. "ती तर उघडीच सापडली."

भगवानशेठांनी कारखान्याच्या आतल्या बाजूला बोट दाखवलं. तिथून जाळीतून ती खिडकी सरळ दिसत होती. शनिवारी सकाळी अगरबत्ती लावायला मी आत गेलो तेव्हा खिडकी बंद होती, असं ते म्हणाले. मग बाहेर येऊन बसलो, तेव्हा शटर वर गेलं.

"आणि कोणी उघडलं शटर? चैत्रालीने?"

"ना, साईं. अकेले अंकल होते. बेटी बाद में आयी."

४

शरदचंद्र टिपणीसांचं घर अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर. बैठकीत सगळं जागच्या जागी. सोफ्यावर पांढरी खोळ, टीपॉयवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. ते एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात उत्पादन विभागाचे मॅनेजर होते आणि तिथून सन्मानाने निवृत्त झाले होते. भिंतीवर त्याची एक तसबीर होती. कंपनीतलं भंगार त्यांनी निम्म्यावर आणलं म्हणून मिळालेलं मानपत्र त्यांनी शीलाबाईंना दोन मिनिटांतच दाखवलं.

शीलाबाईंनी त्यांना बोलू दिलं. पाहणीला गेलं की समोरच्याला बोलू द्यायचं, हे त्या पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या.

टिपणीस भरभरून बोलले. मुलींना उत्साह आहे पण शिस्त नाही. माल किती वाया घालवतात, बघवत नाही. एका पुठ्ठ्यातून जेवढी कव्हरं निघायला हवीत तेवढी निघतच नव्हती, कडेने पट्टी वाया. आयुष्यभर मी पत्रा कापला, बाई. पत्र्यावर डब्याची झाकणं कशीही फिरवून बसवता येतात, जागा वाया जाता कामा नये. या मुली पट्ट्यांच्या वाचनखुणा करतात आणि त्याला कल्पकता म्हणतात. मी एका आठवड्यात ते बंद केलं.

"तुम्ही शनिवारी सकाळी एकटेच गेला होतात ना गाळ्यावर?" शीलाबाईंनी विचारलं.

हो, ते म्हणाले, चैत्रालीची किल्ली घेऊन. माल एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावा म्हणून. आणि खिडकी? ती मी गेलो तेव्हा उघडीच होती. हे सांगताना त्यांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा सरळ केली.

मग ते जरा पुढे सरकले आणि त्यांचा आवाज मऊ झाला. शीलाबाईंनी असा मऊ आवाज नोकरीत खूपदा ऐकला होता आणि दर वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"तुमच्याबद्दल नाही हं म्हणत मी, गमरे बाई. तुम्ही अधिकारी होतात, तुमचं वेगळं. पण पायलसारख्या मुलींना एकदम मालकी हातात आली की त्यांना ती पेलत नाही. घरात कधी बघितलेली नसते ना. शेवटी वळण घरचं असतं."

पायलचं घर म्हणजे शीलाबाईंचंच घर. तिच्या आजोबांनी आयुध निर्माणीत घाम गाळून सगळ्या मुलांना शिकवलं, तेच घर. तुमचं वेगळं, हे वाक्य शीलाबाईंना ऑफिसात साहेबांनी ऐकवलं होतं, शेजारणींनी ऐकवलं होतं, एकदा तर ज्याचा दावा त्या मंजूर करत होत्या त्या व्यापाऱ्यानेही ऐकवलं होतं. दर वेळी त्या गप्प राहिल्या होत्या, कारण हातातलं काम पुरं करायचं असे. आजही त्या गप्प राहिल्या. चहा न पिताच उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, की उद्या दहा वाजता गाळ्यावर या, तुमची साक्ष लागेल.

रस्त्यावर आल्यावर त्या भराभर चालू लागल्या. त्या एका हारवाल्याच्या टपरीशी थांबल्या. समोरून एक बाई चालली होती, तिच्याबरोबरच्या मुलाची जीन्सची पँट धुऊन धुऊन पिळवटलेली, शिवण पायाच्या बाजूला असायची ती पुढे आलेली. शीलाबाई बघत राहिल्या आणि त्यांना एक जुना दावा आठवला. मग त्यांनी आपल्या घराकडे न जाता कॅम्प तीनची रिक्षा पकडली.

५

दावा असा होता. कॅम्प तीनमधल्या एका कारखान्याच्या जीन्स धुलाईत पिळवटल्या म्हणून त्या मालकाने धुलाईवाल्यावर ठपका ठेवला होता आणि विमा मागितला होता. शीलाबाईंनी दोन दिवस घालवून शोधून काढलं, की धुलाईवाल्याचा काही दोष नव्हता. मालकाने कापड वाचवायला पायाचे तुकडे आडवे फिरवून बसवले होते. कापडाला उभा धागा असतो आणि आडवा धागा असतो. तुकडा फिरवला की शिवताना काही दिसत नाही, पाणी लागलं की पाय वळतो. नुकसान बाहेरून आलंच नव्हतं. ते कात्रीनेच आत घातलेलं होतं.

पायल पुठ्ठा नेहमी जिथून कापून आणायची ते आण्णांचं कटिंग मशीनही कॅम्प तीनच्याच एका गल्लीत होतं. शीलाबाईंनी सकाळी गाळ्यावरून बरोबर घेतलेली नमुन्याची प्रत पर्समधून काढली, वाकलेली प्रत काढली, आणि दोन्हींची कव्हरं हातात धरून हळूच वाकवून बघितली. नमुन्याचा पुठ्ठा पुस्तकाच्या उंचीच्या दिशेने ताठ होता, रुंदीच्या दिशेने सहज वाकत होता. दुसऱ्याचं बरोबर उलटं. म्हणजे पुठ्ठ्यालाही धागा असतो. आतले तंतू एका दिशेने निजलेले असतात, ते पुस्तकाच्या कण्याला समांतर ठेवायचे. आडवे ठेवले तर खळ सुकताना कापड एकीकडे ओढतं आणि पुठ्ठा दुसरीकडे, आणि पुस्तक वर-खाली कमान टाकतं. शिकंज्यात असेपर्यंत ते दबलेलं राहतं. बाहेर काढलं की रात्रीत उठतं.

त्यांनी लगेच पायलला फोन लावून पुठ्ठा कसा वाकतो ते सांगितलं. पायलने तो कुठल्या बाजूने वाकतो ते पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाली, "ग्रेन उलटा गेलाय. आत्या, हे तर पहिल्या दिवशी शिकतात. एक पुस्तक हातात दिलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं." आणि थोड्या वेळाने, कमी आवाजात, की कापून आलेला पुठ्ठा मीही वाकवून बघायला हवा होता. नेहमीचा आहे म्हणून बघितला नाही.

आता एकच प्रश्न उरला होता, आणि त्याच्यावर सगळं अवलंबून होतं. टिपणीसांनी नकळत चूक केली होती की त्यांना माहीत होतं? न कळून झालेल्या चुकीला शीलाबाई चूक म्हणत. धंदा नवा असला की अशा चुका व्हायच्याच. नमुना एका पद्धतीने करायचा आणि माल दुसऱ्या. कोणी किती हुकूम द्यायचा ते ठरवायचं नाही. घरातला वडीलधारा मदतीला आला की त्याला काही विचारायची लाज वाटायची. या पोरींनी या सगळ्या चुका केल्या होत्या आणि त्यात गुन्हा कोणाचाच नव्हता.

आण्णांना त्यांनी विचारलं, की त्या आठवड्यात पुठ्ठा कोणी फिरवायला सांगितला.

"आले होते ना एक साहेब," आण्णा म्हणाले. "मी बोललो त्यांना, की पायल मॅडम असा नाही लावत, नंतर पुस्तक वाकतं. ते बोलले, त्या मॅडमला काय कळतं, मी सांगतो तसं काप."

६

सोमवारी गाळ्यात सगळे जमले. चैत्राली टेबलाशी, टिपणीस खुर्चीत, पायल दाराशी उभी. तिला आत ये म्हणायचं कोणालाच सुचलं नाही, म्हणून शीलाबाईंनीच तिचा हात धरून तिला आत आणलं. भगवानशेठ बोलावलं नसताना आले आणि शटरला टेकून राहिले. शीलाबाईंनी त्यांना राहू दिलं. आरोप गल्लीत झाला होता, उत्तरही गल्लीने ऐकायला हवं होतं.

त्या उभ्यानेच बोलल्या. शुक्रवारी रात्री वाफ नव्हती, कारण कारखाना बंद होता. खिडकी शनिवारी सकाळपर्यंत बंद होती, ती शटर उघडल्यावर उघडली, आणि शटर उघडणारे एकटे टिपणीस होते. कपाटातल्या प्रती सपाट राहिल्या आणि बंद खोक्यांतल्या वाकल्या. म्हणजे दोष हवेत नव्हता, पुठ्ठ्यात होता. नमुना आणि माल यांत फरक एकच, पुठ्ठा फिरवून कापलेला. म्हणूनच यावेळी पट्ट्या उरल्या नाहीत. तो फिरवून घेणारेही टिपणीसच.

"चूक झाली असेल," टिपणीस म्हणाले. "मला पुठ्ठ्यातलं काय कळतं? मुद्दाम केलं नाही मी."

"कापलं ते मुद्दाम नाही," शीलाबाई म्हणाल्या. "पण शनिवारी तुम्ही एकच खोकं उघडलंत आणि विक्रांतला सांगितलंत की एकही प्रत वाचली नाही. वाफेने गेली असती तर तुम्ही आधी बाकीची खोकी उघडून बघितली असती, काही वाचलं का म्हणून. कोणीही बघेल. तुम्ही बघितलं नाही, कारण तुम्हाला ठाऊक होतं. आण्णांनी तुम्हाला आधीच बजावलं होतं, पुस्तक वाकेल. पहिलं वाकलेलं दिसलं आणि तुम्हाला कळलं की सगळी वाकली, आणि कोणामुळे ते. मग तुम्ही खिडकी उघडलीत आणि या पोरीचं नाव घेतलंत. आणि तिला पुस्तकाला हात लावू दिला नाहीत, कारण तिने हातात घेताच ओळखलं असतं."

टिपणीसांनी मुलीकडे बघितलं. चैत्राली त्यांच्याकडे बघत नव्हती. एवढ्यात त्यांचा आवाज चढला. या वयात आपल्या अनुभवाला एक कटिंगवाला शिकवणार का, चार लोकांत आपलं हसं व्हायला हवं होतं का, घरातली गोष्ट घरात मिटवता आली असती. शीलाबाईंनी विचारलं, की घरातली म्हणजे कोणाच्या घरातली? चूक तुमच्या घरातली आणि बदनामी आमच्या घरात पाठवायची, याला मिटवणं म्हणतात का? तुम्ही हे नाव निवडलंत कारण लोक ते लगेच मानतील हे तुम्हाला माहीत होतं. आणि लोकांनी मानलंही. हे बोलताना त्यांचा आवाज फुटला आणि त्यांनी तो फुटू दिला.

तुम्ही ज्या फोनवरून तिचं नाव घेतलंत त्याच फोनवरून आता विक्रांतला खरं सांगा, एवढंच त्यांचं मागणं होतं. टिपणीसांनी फोन हातात घेतला, जरा वेळ धरला आणि टेबलावर ठेवून दिला. मशीनमध्ये काहीतरी गडबड झाली असं सांगू, ते पुटपुटले.

चैत्रालीने तो फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा केला.

"विक्रांत, चैत्राली बोलतेय. पुठ्ठा माझ्या वडिलांनी चुकीचा कापून आणला आणि दोष पायलवर टाकला. त्यांनी सांगितलं आणि मी मानलं. पायलने काहीही केलेलं नाही."

 मग विक्रांत म्हणाला, की मी आज तिकडे येणारच होतो. शनिवारी फोन आल्यावर त्याने आजीला सांगितलं, पुस्तकं गेली, बांधणाऱ्या मुलीने घात केला. गयाबाईंनी एकच विचारलं, त्या पोरीचं म्हणणं काय? विक्रांत म्हणाला, माहीत नाही, ते मी विचारलं नाही. "तर आजी म्हणाली, मग मला बाकीचं काही सांगू नकोस. आधी तिला विचारून ये."

 बदलापुरात बसलेल्या एका म्हातारीने, जिने पायलला कधी बघितलंही नव्हतं, तो प्रश्न विचारला होता. या गाळ्यात तो कोणीच विचारला नव्हता. टिपणीस उठले आणि भगवानशेठांनी बाजूला होऊन त्यांना वाट दिली. ते रिक्षाच्या दिशेने गेले ते कोणी वळून बघितलं नाही.

पायल टेबलाशी आली. वाकल्यापासून पहिल्यांदाच तिने ते पुस्तक हातात घेतलं, सुरीने आतलं अस्तर कण्याशी चिरलं आणि वाकलेलं कव्हर सोलून काढलं. आतली शिलाई शाबूत होती, पानं शाबूत होती. नवा पुठ्ठा मी स्वतः उभी राहून कापून आणते, ती म्हणाली, रविवारपर्यंत होतील. चैत्राली रडत रडत माफी मागत होती, तू मागशील ते करते, वडिलांना इथे पाऊल टाकू देणार नाही, पुढचं सगळं आपण दोघी ठरवू, असं काही काही म्हणत होती. पायलने ते सगळं ऐकून घेतलं.

"माफी ठीक आहे, चैतू," ती म्हणाली. "पण उद्या इथे परत काही बिघडलं, तर तू आधी कोणाकडे बघशील ते मला आता कळलंय. ही पुस्तकं झाली की मी दुसरीकडे जागा बघणार."

आणि तिने दुसरं पुस्तक पुढे ओढलं.